कोरड्यावरून उडणारं रीळ

‘आपल्या कामाविषयी काही लिहा’, असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सुचवलं, तेव्हा मला वाटलं की त्यांनी चुकून भलत्याच माणसाला गाठलं. या अंकात निवृत्त मामलेदार लिहितात, डॉक्टर लिहितात, तीस तीस वर्षं एका खुर्चीवर काढलेली माणसं लिहितात. मी सकाळी कॉलेजात जातो आणि दुपारी नगरच्या कॅम्पातल्या एका खेळसामानाच्या दुकानात काम करतो. त्यालाही जेमतेम दोन वर्षं झाली. मी त्यांना म्हणालो, “या कामातलं मला कळलं त्यापेक्षा न कळलेलंच जास्त आहे.” ते म्हणाले, “मग न कळलेलं लिहा. कळलेलं लिहिणारे पुष्कळ आहेत.” ते थट्टा करत होते की खरंच सांगत होते, हेही मला नीट कळलं नाही. तरी लिहितो आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. राहुरीजवळच्या आमच्या गावात माझ्या आधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. त्यामुळे नगरात आलो तेव्हा इंग्रजी वाचता येणं एवढंच माझं भांडवल होतं. अब्बासशेठनी मला ठेवून घेतलं तेही त्याच्यावरच. पहिल्या दिवशी त्यांनी फळीवरचा एक डबा खाली काढला आणि म्हणाले, “वाच.” मी वाचलं. “माने? अर्थ काय?” मी म्हणालो, “जवसाचं तेल.” शेठ म्हणाले, “उद्यापासून ये. आणि एक लक्षात ठेव, कॉलेज. गिऱ्हाइकासमोर ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक पायरी उतरतं.” तेव्हापासून दुकानात माझं नाव ‘कॉलेज’ पडलं.

गोरे साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा जाताना आपलं सामान विकून गेले. शेठनी त्यातल्या बऱ्याच ट्रंका न उघडताच घेतल्या होत्या. उघडल्यावर एकेकीतून काय निघेल याचा नेम नसे. टेनिसच्या बॅटी निघत, क्रिकेटचे पॅड निघत, घोड्यावरून खेळायच्या लांब दांड्याच्या हातोड्या निघत. हे सामान नगर जिल्ह्यात विकायचं कुणाला, हा मोठा प्रश्न होता. पण माणसं आपापला उपयोग शोधून काढत. श्रीरामपूरकडचे एक बागाईतदार क्रिकेटच्या पॅडांचा एक जोड घेऊन गेले. मी विचारलं, “मुलं खेळतात वाटतं?” ते म्हणाले, “कसलं खेळतात. उसात पानी धरताना जनावर चावतं. हे गुडघ्यापस्तोर हाय.” पंधरा दिवसांनी ते आणखी चार जोड न्यायला आले. खेळसामानाचं दुकान म्हणजे खेळ विकण्याचं दुकान नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाकी काम साधं आहे. बॅटला जवसाचं तेल पाजायचं, पण पाठीला जास्त नाही. टेनिसच्या बॅटीच्या तारा आतड्याच्या असतात, त्या कोरड्या ठेवायच्या. फुटबॉलच्या कातड्याला चरबी चोळायची. एवढं मला येत होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. मग पौषातल्या एका दुपारी भिकाजी हवालदार दुकानात आले.

संक्रांत आठवड्यावर आली होती. रस्त्यात जिकडे तिकडे मांजा सुतवणं चाललं होतं. उंच, काळासावळा, अंगात लष्करातला जुना डगला आणि उजवा हात डगल्याच्या खिशात, असा एक माणूस पायरी चढून आला.

“रीळ पायजे,” तो म्हणाला.

“समोर शिंप्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथं मिळेल,” मी म्हणालो. “पांढरा दोरा की काळा?”

“दोऱ्याचं न्हाई, मास्तर. माशाचं.”

मला काही उमगेना. आमच्या मुळा नदीवर भोई जाळं टाकून मासे धरतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यात रीळ कुठं येतं? पण शेठ गादीवरून म्हणाले, “आहे ना, का नाही? हिरव्या ट्रंकेत तीन पडलेत. कॉलेज, हवालदारसाहेबांना दाखव.” शेठ बुटांवरून हुद्दा ओळखतात.

मी ती तीन रिळं काढून काचेवर मांडली. वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गळाची दोरी लांब असली की ती हातात गोळा करणं जमत नाही. म्हणून काठीच्या बुडाशी एक चाक बसवतात आणि दोरी त्याच्यावर गुंडाळतात. ते चाक म्हणजे रीळ. आमच्या तिन्हींतलं एक पितळी होतं, त्याच्या पोटात घड्याळासारखी दातेरी चाकं होती. दुसरं लाकडाचं, वीतभर रुंद, पुरणपोळीएवढं, मागे पितळेची पट्टी. तिसरं लहान, तळहातावर मावणारं, चांदीसारखं चकचकीत आणि फार देखणं. ते कातड्याच्या छोट्या डबीत होतं.

हवालदार तिन्ही रिळांकडे वाकून बराच वेळ पाहत राहिले. हात मात्र लावला नाही.

“समुद्रात टाकायचाय गळ,” ते म्हणाले. “पन होडी न्हाई. कोरड्यावर हुबं ऱ्हाऊन.”

“किनाऱ्यावरून,” मी म्हणालो.

“व्हय. मग ह्यातलं किनाऱ्याचं कंचं?”

मला काय ठाऊक. समुद्र मी चित्रात पाहिलेला. पण गिऱ्हाइकाला पायरी उतरू द्यायचं नव्हतं. मी विचारलं, “तुम्हाला सवय कशाची आहे?”

हवालदारांनी पुन्हा रिळांकडे पाहिलं. “आमाला समद्याची हाय. पर तुमचं काय म्हननं, ते तर ऐकू.”

“तसं तिन्ही चालतात,” मी म्हणालो.

“ते तर हायेच,” ते म्हणाले.

 मग मी ट्रंकेतून विलायती कंपनीचं जुनं सूचिपत्र काढलं. ‘समुद्र’ या मथळ्याखालची पानं नेमकी वाळवीनं खाल्ली होती. एकच परिच्छेद शाबूत होता. त्यात लिहिलं होतं की, नवशिक्यानं रीळ निवडताना अनुभवी दुकानदाराचा सल्ला घ्यावा. मी पान उलटलं.

तेवढ्यात त्या लहान रिळाच्या कातडी डबीवर सोनेरी अक्षरांत छापलेले दोन शब्द मला दिसले : ‘ड्राय फ्लाय’. ड्राय म्हणजे कोरडं. फ्लाय म्हणजे उडणं. कोरड्यावर उभं राहून उडवायचं, म्हणजे दूर फेकायचं. हवालदार जे मराठीत म्हणत होते तेच इंग्रजीत डबीवर छापलेलं होतं. याच्याहून स्पष्ट काय असणार? शिवाय रीळ लहान होतं, आणि नवीन शिकणाऱ्याला लहानच बरं, हेही मला आपोआप पटलं. पहिलीतल्या पोराला आपण लहान पाटी देतो तसं.

मी अक्षरांवर बोट ठेवून अर्थ सांगितला. हवालदारांचा चेहरा मोकळा झाला. “तेच मी म्हनतोय,” ते म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं पैसे काढले आणि “डावा हात हाय, राग मानू नका,” असं म्हणून काचेवर ठेवले.

जाताना पायरीवर थांबून त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली. लढाईहून परतल्यावर घरी औत धरणं जमत नव्हतं. कोकणात समुद्राच्या अगदी काठाला एक सरकारी बंगला आहे. तिथं राखणदाराची जागा होती. राहायला दोन खोल्या, बायको आणि दोन मुली नेता येतील. तिथल्या इंजिनिअरसाहेबांना किनाऱ्यावरून गळ टाकण्याचा नाद. त्यांनी विचारलं होतं, “हवालदार, यातलं काही समजतं?” आणि यांनी ‘व्हय’ म्हटलं होतं. साहेब म्हणाले, “छान. बंगल्यातली रिळं खाऱ्या हवेनं गंजली. नगरच्या कॅम्पात गोऱ्यांची जुनी रिळं मिळतील. समुद्राला चालेल असं एक पारखून घेऊन ये. काय आणतोस ते बघतो, मग ठरवू.”

“म्हंजे रीळ चांगलं निघालं की नोकरी पक्की,” हवालदार म्हणाले. “सोमवारच्या मोटारीनं निघतो. तवर मेव्हन्याकडं, पोलीस लायनीत हाय.”

ते गेले. शेठ म्हणाले, “शाब्बास, कॉलेज. वर्षभर ती डबी कुणी हातात घेतली नव्हती.” त्या दिवशी मी फार खुशीत होतो. शिकण्याचा उपयोग होतो तो असा, असं वाटलं. रात्री वडिलांना पत्र लिहिलं, त्यातही ही गोष्ट घातली.

शनिवारी इंग्रजीच्या तासाला प्राध्यापक सुट्टीविषयीचा एक निबंध शिकवत होते. त्यात एक म्हातारा इंग्रज नदीवर जातो आणि ‘ड्राय फ्लाय’ वापरतो. मी सावरून बसलो. वर्गात हा शब्द माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? तास संपल्यावर मी त्यांच्या मागे गेलो आणि खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, “सर, ते किनाऱ्यावरून फेकायचं रीळच ना?”

“कसलं रीळ? फ्लाय म्हणजे माशी,” प्राध्यापक म्हणाले. “पिसांची खोटी माशी करतात. पाण्यावर तरंगते ती कोरडी माशी, बुडते ती ओली माशी. थंड देशातल्या नदीतले मासे वर येऊन ती गिळतात. मी काही धरलेले नाहीत, वाचलंय फक्त.”

“आणि समुद्रात, सर?”

“समुद्रात लाटांवर माशी कुठली बसायला? अहो, ते रीळ म्हणजे नाजूक काम. समुद्रातला मासा ते उपटून नेईल. का हो, तुम्हाला कशाला हवंय?”

“सहज,” म्हणून मी मागे वळलो. ओसरीवर उभा राहिलो. माशी. इतका साधा शब्द. तो मला येत नव्हता असंही नाही, पाचवीत पाठ केलेला होता. पण डबीवर पाहताना तो मला उडणंच वाटला, कारण मला तो तसा हवा होता. एखादा शब्द येत नसला तर निदान कोश तरी उघडता येतो. येत असलेला शब्दच चुकीचा निघाला तर काय उघडायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

दुपारी मी शेठना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

“गिऱ्हाईक परत आलं?”

“नाही.”

“मग चुकलं कसं?”

“शेठ, त्यांची नोकरी जाईल. साहेब रीळ बघूनच ओळखतील.”

शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विचार करायचा असला की ते असं करतात. “उद्या रविवार. ती दोन रिळं घेऊन जा. बदलून दे. पण चुकलं असं म्हणू नको. नवीन माल आला, हवालदारसाहेबांची आठवण झाली, असं म्हण.”

“नवीन कुठं, शेठ? त्यांनी गुरुवारी बघितलीत ती.”

“तर मग काय म्हणायचं ते तू बघ. कॉलेज तू आहेस.”

रविवारी सकाळी सायकलच्या मागे पिशवी आणि रीळ आजमावायला एक बांबू बांधून मी पोलीस लायनीत गेलो. हवालदार ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, आणि त्यांच्या नजरेत भीती दिसली. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी विसरलो.

“हवालदार, मला रिळातलं काही कळत नाही,” मी म्हणालो. “मी ते डबीवरचं चुकीचं वाचलं. ती माशी आहे.”

“कुठंय माशी?”

“डबीवर. फ्लाय म्हणजे माशी.” मी जमेल तसं समजावून सांगितलं. ते खाली पाहत ऐकत होते. आता रागावतील असं वाटलं. पण ते हलक्या आवाजात म्हणाले, “मेव्हन्याला ऐकू जाऊ देऊ नका. चला.”

रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, “मलाबी कायी येत न्हाई, मास्तर. लढाईत जखमी झाल्तो तवा समुद्राकाठच्या दवाखान्यात दोन म्हैने हुतो. खिडकीतनं मानसं गळ टाकताना दिसायची. निसतं बघितलंय. साहेबानं इचारलं अन् तोंडातनं व्हय गेलं. मला वाटलं, दुकानदाराला कळत असंल.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला कळत असेल.”

“मी म्हनलं की, समद्याची सवय हाय म्हनून.”

“मीही म्हणालो की, तिन्ही चालतात.”

त्यावर ते हसले. मग मीही हसलो. पण वेळ थोडा होता. दुसऱ्या दिवशी त्यांची मोटार होती.

किल्ल्याच्या बाजूला मोकळं माळरान आहे. तिथं आम्ही थांबलो. माझ्याजवळ एक बांबू, जुन्या दोरीचं एक भेंडोळं आणि मोटारीच्या कारखान्यातून आणलेला लोखंडी नट होता. गळ लांब जावा म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधतात, त्याच्या जागी हा नट. नगरच्या माळावर समुद्र नव्हता, पण फेकणं तर समजलं असतं. त्यांनी बरोबर आणलेलं लहान रीळ मी बांबूला बांधून त्यांच्या हातात दिलं.

तेव्हा त्यांनी उजवा हात पहिल्यांदा खिशातून बाहेर काढला. मधली तीन बोटं नव्हती.

माझी नजर गेली तसे ते म्हणाले, “अंगठा हाय, करंगळी हाय. मधलं सरकारजमा.”

त्या नाजूक रिळाची मूठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. दोन बोटांच्या चिमटीतच ती धरावी लागते. त्यांना ती धरताच येईना, अंगठा पुन्हा पुन्हा निसटत राहिला. कोरडी माशी राहिली बाजूला, हे रीळ त्यांना कुठल्याच पाण्यात चाललं नसतं. दुकानात त्यांनी ते हातात घेतलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं. पण हात दाखवायचा नव्हता म्हणून त्यांनी घेतलं नाही, आणि अडाणीपण दाखवायचं नव्हतं म्हणून मी आग्रह केला नाही.

मग पितळी रीळ लावलं. त्याची मूठ एकदा फिरवली की चाक आत चार वेळा फिरतं. त्यामुळे दोरी भराभर गोळा होते, हे मला फार आवडलं. हवालदारांनी नट फेकला. नट जरा पुढे जाऊन पडला, पण चाक काही थांबेना. दोरी सुटत राहिली आणि पाहता पाहता रिळावर कावळ्याचं घरटं झालं. ते सोडवण्यात आमची सकाळ गेली. दोन माणसं, सतरा बोटं, एक गुंता.

जवळच एक म्हातारी शेण गोळा करत होती. ती बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. शेवटी पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “आरं, आसारी हाय, मांजा हाय, पतंग कुठाय तुमचा?”

“पतंग न्हाई आजी, मासा धरायचाय,” हवालदार म्हणाले.

म्हातारीनं माळावर चहूकडे नजर फिरवली. “मंग धरा,” असं म्हणून पाटी उचलून ती गेली.

आमच्या भागात पतंगाचा मांजा ज्या चाकावर गुंडाळतात त्याला आसारी म्हणतात. हवालदारांनी हातातला गुंता सोडून पिशवीकडे पाहिलं. “ते लाकडी काढा,” ते म्हणाले.

लाकडी रिळाच्या पोटात काहीच नव्हतं. ना दाते, ना चाकं. आसावर फिरणारी एक गुळगुळीत लाकडी थाळी, एवढंच. म्हणूनच मला ते रीळ कमी दर्जाचं वाटलं होतं. हवालदारांनी काठी डाव्या हातात धरली. उजव्या हाताचा तळवा थाळीच्या काठाला हलकेच टेकवला आणि थाळी फिरवून पाहिली, मग थांबवली. पुन्हा फिरवली, पुन्हा थांबवली. बोटांची गरजच नव्हती. तळव्याच्या दाबानं ती मंद होत होती, तळवा काढला की मोकळी सुटत होती.

“ल्हानपनी पतंग तुटाय आला की आमी असाच हात लावायचो,” ते म्हणाले. “ढील किती द्यायची ते हाताला कळतं.”

पहिल्या दोन फेकींत गुंता झाला. तिसऱ्या फेकीला नट लांब गेला, त्या म्हातारीच्या वाटेपर्यंत. पडायच्या आधी त्यांचा तळवा थाळीवर टेकला आणि दोरी जागच्या जागी थांबली. गोळा करतानाही ते तळव्यानंच थाळीला थापट्या मारत होते, कुंभार चाकाला गती देतो तशा. नंतर त्यांनी पुष्कळ वेळा फेकला. मी धावत जाऊन नट पाहून येत होतो आणि किती पावलं ते ओरडून सांगत होतो. ऊन चढलं तरी आम्हाला भान नव्हतं.

“समुद्राला हेच लागतं का?” निघताना त्यांनी विचारलं.

मी खूप विचार केला. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “समुद्र मी बघितलेलाच नाही. तुमच्या हाताला हे चालतं, एवढंच बघितलं.”

“ते तर मीबी बघितलं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “साहेबानं कसं टाकायचं ते इचारलं तर काय सांगू?” मी माझी दोन रिळं पिशवीत घातली.

दुकानात नेऊन मी ते लाकडी रीळ पुसलं आणि बॅटला पाजतो तसं जवसाचं तेल पाजलं. सोमवारी सकाळी मोटारतळावर त्यांना नेऊन दिलं. लहान रीळ परत घेतलं. मोटार धूळ उडवत गेली.

दुकानात आल्यावर शेठ म्हणाले, “कुठलं दिलं?”

“लाकडी.”

शेठनी टोपी काढली. “कोकणात लाकूड फुगतं. इथं फिरतं, तिथं अडकेल.”

“शेठ, आधी का नाही सांगितलं?”

“तू विचारलं का?”

त्यानंतरचे दोन महिने मी फार बेचैन होतो. बॅटला तेल लावताना, पुस्तक वाचताना मधेच ते फुगलेलं रीळ डोळ्यांसमोर येई. साहेब ते हातात घेतात, फिरवू पाहतात, ते फिरत नाही. हवालदार बाजूला उभे, उजवा हात खिशात. पुढे काय होत असेल ते मला दिसत नसे. मी कोकणातल्या बंगल्याचा पत्ताही विचारून घेतला नव्हता. एकदा त्यांच्या मेव्हण्याकडे गेलो, तर त्यांची बदली झालेली. खरं सांगितल्यानं मी त्यांचं भलं केलं की एका चुकीच्या जागी दुसरी चूक दिली, हे ठरवता येत नव्हतं. शेठना विचारलं तर ते म्हणाले, “गिऱ्हाईक परत आलं का? नाही ना?” पण त्यांनाही ते पूर्वीसारखं ठामपणे म्हणता आलं नाही.

होळीनंतर दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. वर नाव म्हणून नुसतं ‘कॉलेज मास्तर’ लिहिलेलं. अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हाताचं. ते मी जपून ठेवलं आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवतो.

‘मास्तर यांसी रामराम. इकडे आलो त्याच दिवशी साहेबाला सांगून टाकलं की मला गळ येत न्हाई, निसता बघितलाय. तुमी आमच्या दारात येऊन बोललात, मंग मला बी बोलता आलं. आधी सांगितलं, मंग रीळ दाखवलं. साहेब दिवसभर बोलले न्हाईत. लई वाईट गेला तो दिवस. सांजच्याला त्यांनी रीळ मागितलं. म्हनाले, हे कुनी निवडलं? मी म्हनलं, दोघांनी, दोघांना बी कळत नव्हतं. साहेब म्हनाले, समुद्राला हेच लागतं, पन तेल बॅटीवानी थोडंच पाजलंय, हे रोज पाजाय लागतं. तेल लावनारा क्रिकेटचा मानूस दिसतो. तीन दिवस लाकूड फुगून बसलं हुतं, आता फिरतं. साहेब मला शिकीवतात. जागा दिली. मंडळी अन् पोरी आल्यात. मासा अजून लागला न्हाई. तुमी समुद्र बघितला न्हाई म्हनला हुता, तर सुटीत या. आन ते तुमचं कोरडं म्हनून जे इंग्रजी हुतं ते सोडून द्या. हितं कोरडं असं कायीच न्हाई. किनारा बी वलाच आसतो.’

कार्ड शेठना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “ती डबी पडलीय फळीवर. कुणी मागितली तर काय सांगशील?”

मी म्हणालो, “माशीची आहे, एवढं सांगीन. पुढचं माहीत नाही म्हणेन.”

शेठ पायरीकडे पाहत राहिले.  डबी अजून फळीवरच आहे, आणि मी अजून समुद्र पाहिलेला नाही.